प्रतिसाद: खुराड्याच्या खिडक्या, जाळी आणि शोभा

ताई, तुम्ही खिडकीला षटकोनी जाळी आणि वर झालर लावायची म्हणताय, पण ठाण्याच्या येऊरच्या जंगलाच्या डोंगरापायथ्याशी राहता तर ती जाळी नकोच, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक, मुंगूस नि रानमांजर बाहेर ठेवायला नाही, तार पातळ असते हो. अर्धा इंची भोकांची वेल्डेड जाळी घ्या, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. इंचभर भोकातून उंदीर आणि लहान साप आरामात येतात.

आणि प्लीज स्टेपलरच्या पिना नकोत, ओढलं की सुटतात. जाळी चौकटीवर चारी बाजूंनी दोन इंच येऊ द्या, वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रू मारा, तीच पट्टी मस्त रंगवली की खिडकीची किनार तयार, वेगळी शोभा करायलाच नको. जाळीला मात्र काळा मॅट रंग, पांढरी डोळ्यात येते, काळी दिसतच नाही. रंग पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत सोडा, चोच मारतातच त्या.

पावसाळ्यात प्लास्टिकने खिडकी बंद करू नका, विष्ठेचा अमोनिया कोंडतो, त्यापेक्षा खिडकीच्या वर उतरता पत्रा पुढे काढा. बिबट्याला ही जाळी पुरणार नाही, त्यासाठी बाहेरून लोखंडी ग्रिल हवंच.