कोरियातील परकेपणा : दोष भाषेचा की व्यवस्थेचा?

देजॉनवासी

दक्षिण कोरियातील सुवन शहरातून परतलेल्या एका सदस्याचा लेख गेल्या आठवड्यात आपल्या मंचावर बराच वाचला गेला. कोरियन समाज बंदिस्त आहे, मेट्रोत शेजारची जागा रिकामी असली तरी आपल्याजवळ कोणी बसत नाही, कितीही वर्षे काढली तरी माणूस तेथे पाहुणाच राहतो, सबब मराठी मुलांनी तिकडे जाऊ नये, असा त्याचा आशय होता. तो वाचून प्रवेश मिळालेले विद्यार्थी मला घाबरून प्रश्न विचारू लागले आहेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आपल्यातील अनेक जण प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागवतात, संध्याकाळी भारतीयांच्याच खोलीवर जमतात, दुकानात फोनवरचे भाषांतर पुढे करतात आणि वर शेजारी बोलत नाहीत अशी तक्रार करतात. देवनागरी येणाऱ्याला कोरियनची हंगुल लिपी थोड्या दिवसांत वाचता येते. पुढची मेहनत आपण करत नाही, हे खरे दुखणे आहे.

आमच्या इमारतीतील एक आजी प्रत्येक नव्या भाडेकरूला कचऱ्याची पिशवी उघडायला लावतात. भारतातून आलेला मुलगा आंब्याची कोय, अंड्याची टरफले आणि चहाचा चोथा ओल्या कचऱ्यात टाकतो, कारण आपल्याकडे तो ओलाच कचरा असतो. तेथे ओल्या कचऱ्यापासून जनावरांचे खाद्य आणि खत तयार होते, त्यामुळे हाडे, कोयी, टरफले पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकावी लागतात. कचऱ्याच्या प्रमाणात पैसे मोजण्याची ही पद्धत देशभर १९९५ पासून आहे. ज्याला आजींचे बोलणे कळत नाही, त्याला वाटते की परका म्हणून आपल्यावर ओरडत आहेत. ज्याला कळते, त्याच्या दाराशी थंडीच्या तोंडावर त्यांनी स्वतः घातलेल्या किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचा, डबा येतो. हे मी माझ्याच मजल्यावर पाहिले आहे.

मापोकर

तुमच्या आजींविषयी मला आदर आहे, परंतु तुमचे प्रतिपादन मला मुळीच पटलेले नाही. मी सोलमध्ये राहते, माझे सर्व काम कोरियन भाषेत चालते आणि भाषेच्या परीक्षेची वरची पातळी मी उत्तीर्ण आहे. घर शोधताना दलालाशी फोनवर माझे बोलणे व्यवस्थित झाले, भेटीची वेळ ठरली, आणि करारासाठी नाव सांगताच घरमालकाला परदेशी भाडेकरू नको असल्याचे उत्तर आले. हा अनुभव एकदाच आला असता तर मी येथे लिहिले नसते. अशा वेळी मी आणखी कोणते व्याकरण शिकायला हवे होते, ते कृपया सांगावे.

बुसानमध्ये २०११ साली एका स्त्रीला सार्वजनिक स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला. ती मूळची उझबेकिस्तानची होती, पण तोपर्यंत ती रीतसर कोरियन नागरिक झालेली होती. भाषा होती, पारपत्र होते, फक्त चेहरा वेगळा होता. त्याआधी २००९ मध्ये बुचॉनमध्ये बसमधून जाणाऱ्या एका भारतीय संशोधकाला वर्णावरून शिवीगाळ झाली. शिवीगाळ करणाऱ्याला दंड झाला खरा, पण तो साध्या अपमानाच्या कलमाखाली, कारण भेदभावाविरुद्ध सर्वंकष कायदाच नव्हता. असे विधेयक २००७ मध्ये प्रथम मांडले गेले आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा अडकले.

आन्सानचा दुभाषी

तुम्ही दोघेही ज्या व्हिसावर राहता, त्या व्हिसावरील माणसाला नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य असते, हे आधी लक्षात घ्या. मी सुटीच्या दिवशी आन्सानमध्ये नेपाळी कामगारांसाठी दुभाष्याचे काम करतो. परदेशी कामगारांसाठी २००४ पासून सुरू असलेल्या रोजगार परवाना पद्धतीत कारखाना बदलायचा तर सर्वसाधारणपणे मालकाची संमती लागते आणि पहिल्या तीन वर्षांत तीनदाच बदल करता येतो. भारत या योजनेत नाही, म्हणून मराठी माणसाला हे जग दिसतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोचॉन येथे कडाक्याच्या थंडीत शेतातील हरितगृहात उभारलेल्या निवाऱ्यात एका कंबोडियन कामगार स्त्रीचा मृत्यू झाला. जून २०२४ मध्ये ह्वासॉंगच्या बॅटरी कारखान्याला लागलेल्या आगीत २३ जण दगावले आणि त्यातील बहुसंख्य परदेशी होते. मेट्रोत शेजारी कोण बसते यावर एवढी चर्चा करणाऱ्यांनी या माणसांचाही विचार करावा.

कोथरूड ते सुवन

मुद्दे गंभीर आहेत, पण रोजच्या जगण्यात शाकाहारी माणसाचे जे हाल होतात त्यांविषयी कोणीच बोलत नाही. मांस नको म्हटले की वाढणारी बाई मान डोलावते आणि भातावर हॅम किंवा मासळी येते, कारण तिच्या हिशेबी ते मांस नसतेच. भाजीचे सूप वाळलेल्या छोट्या मासळीच्या पाण्यात शिजवलेले असते आणि किमचीत खारवलेल्या कोळंबीचा अंश असतो. प्रयोगशाळेच्या सामूहिक जेवणात सगळे शेगडीभोवती मांस भाजत असताना मी काकडी आणि भात खाते, आणि प्राध्यापक दरवेळी मला बरे वाटत नाही का, असे विचारतात. माणसे जोडायची कशी?

मालवणी बुसानात

ताई, तुमची अडचण खरी आहे, पण मराठी माणूस म्हणजे शाकाहारी माणूस असे गृहीत धरून बोलू नका. आम्हा कोकणातल्यांना बुसान घरासारखे वाटते. जागाल्ची बाजारात ताजी मासळी मिळते, सुकी मासळी मिळते, आणि ती भाजल्याच्या वासाने तेथे कोणी नाक मुरडत नाही. पुण्यात भाड्याची खोली शोधताना मला पहिला प्रश्न मासळी खाता का, हाच विचारला गेला होता. बुसानमधील माझ्या घरमालकिणीने उलट मला मासळी साफ करायला मदत केली.

कोथरूड ते सुवन

मी कोणाच्या ताटाविषयी एक शब्दही वाईट लिहिलेला नाही. माझ्या अडचणीचे उत्तर म्हणून पुण्यातील घरमालकांचा हिशेब माझ्याकडून मागणे अन्यायाचे आहे.

देजॉनवासी

तरीही बोलायला हवे. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी काय शिजवावे यावरून जे वाद झाले, ते पाहिल्यावर आपण आपल्या पंगती विमानातून सोबत नेतो असे माझे मत झाले आहे. कोरियन देवळांत मांस, मासळी आणि कांदा-लसणाशिवाय उत्तम जेवण बनते. ते शोधण्याऐवजी खोलीत बसून तक्रार करणे सोपे असते.

कोथरूड ते सुवन

रोज दुपारी बारा वाजता डोंगरावरच्या देवळात जेवायला जाणे शक्य आहे का, याचे उत्तर आधी द्या. मी डबा नेते, कोणाकडे काही मागत नाही, आणि तरीही माझा आळस काढला जातो, याचा मला मनापासून राग आला आहे.

मापोकर

हा वाद येथेच थांबवावा. मात्र मालवणी यांनी घराचा विषय काढला, तो मुद्द्याला धरूनच आहे. मुंबईत मांसाहारी मराठी कुटुंबांना घरे नाकारली जातात तेव्हा आपण त्याला भेदभाव म्हणतो. तीच गोष्ट सोलमध्ये घडली की देजॉनवासी तिला भाषेची उणीव म्हणतात. हे दोन मापांनी मोजणे आहे.

देजॉनवासी

घर नाकारले जाते आणि त्याविरुद्ध दाद मागायला पुरेसा कायदा नाही, एवढे मला मान्य करावे लागेल. मार्च २०२१ मध्ये सोल महानगराने सर्व परदेशी कामगारांना करोना चाचणीची सक्ती केली, तो आदेश टीकेनंतर मागे घेतला गेला, पण तो निघाला हेच चुकीचे होते. तरीही त्यावरून विद्यार्थ्यांनी जाऊच नये, हे मी मान्य करणार नाही. जुलै २०१९ पासून सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी माणसाला राष्ट्रीय आरोग्य विमा लागू आहे. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा आधार किती मोठा होता, ते मी विसरू शकत नाही. ज्या देशाने मला तो आधार दिला, त्याला सरसकट बंदिस्त म्हणणे मला सहन होत नाही.

आन्सानचा दुभाषी

विम्याचा हप्ता कामगारही भरतो, पण दवाखान्यात जाण्यासाठी सुटी मालक देतो किंवा देत नाही. तुमचा आधार खरा आहे, तो सर्वांना सारखा पोहोचत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मापोकर

विद्यार्थ्यांनी जाऊ नये असे मीही म्हटलेले नाही. जाणाऱ्यांनी घराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मोठी रक्कम एकदम ठेवून मासिक भाड्याविना राहण्याच्या जॉन्से पद्धतीत २०२२-२३ मध्ये फसवणुकीची इतकी प्रकरणे उघडकीस आली की पीडितांसाठी विशेष कायदा करावा लागला. अनामत देण्यापूर्वी मालमत्तेचा नोंदणी उतारा काढून घरावर किती कर्ज आहे ते पाहावे, राहायला जाताच पत्त्याची नोंद बदलावी आणि करारावर तारखेचा अधिकृत शिक्का घ्यावा. पत्त्याची ही नोंद परदेशी भाडेकरूलाही कायद्याचे संरक्षण देते, आणि दलाल ते आपणहून सांगेलच असे नाही. ज्यांना करार वाचून हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा. सही करण्याआधी पाठवावा.