जलतरण शाळेचे निर्णय नोंदवहीवरून घ्यावेत की काठावर उभे राहून?

हिशेबनीस

पुण्याच्या एका उपनगरात आम्ही पती-पत्नी गेली ९ वर्षे मुलांची जलतरण शाळा चालवतो. तलाव आमच्या मालकीचा नाही. एका संस्थेच्या २५ मीटर तलावावरचे ठरावीक तास आम्ही वर्षाच्या कराराने घेतो. त्यामुळे पाण्यात ३ मुले असोत की १२, त्या तासाचे भाडे आणि जीवरक्षकाचा पगार तेवढाच राहतो, आणि रिकामा गेलेला तास दुसऱ्या दिवशी भरून काढता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात दुपारी ४ ची बॅच बंद करून तो तास संध्याकाळी ७ वर न्यायचे आमचे जवळजवळ ठरले होते. ४ वाजता तलाव मोकळा दिसायचा, तर ६ च्या बॅचला हातात धरायच्या फळ्यासुद्धा कमी पडायच्या. करार बदलण्याआधी पत्नीने २ वर्षांचे हजेरीपट जेवणाच्या टेबलावर पसरले आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रवेशाचा महिना व शेवटच्या हजेरीचा महिना लिहून काढला. ४ च्या बॅचमध्ये पहिल्या पानावरची बहुतेक नावे शेवटच्या पानावरही होती. ६ च्या बॅचमध्ये दर महिन्याला नवी नावे यायची आणि जुनी गळायची. आम्हाला फक्त भरलेला तलाव दिसत होता.

या फरकाचे मोल साध्या गणितात कळते. दरमहा १०० पैकी १० मुले सोडून जात असतील, तर एक मूल सरासरी १० महिने टिकते; ५ जात असतील, तर २० महिने. मासिक शुल्क २००० रुपये धरले, तर पहिल्या स्थितीत एका मुलामागे २०,००० रुपये येतात आणि दुसऱ्या स्थितीत ४०,०००. शिवाय १० महिन्यांत सोडणारे मूल बहुधा खोल पाण्यात स्वतःला सावरण्याइतके तयार झालेले नसते, आणि मला त्याचे दुःख पैशापेक्षा अधिक आहे.

६ च्या बॅचमधून मुले का जातात, याचा माग त्याच हजेरीपटावरच्या उशिराच्या खुणांनी दिला. ४५ मिनिटांच्या वर्गाला अनेक मुले रहदारीतून १५ मिनिटे उशिरा पोहोचत होती, धावत कपडे बदलत होती आणि अंग सैल करण्याचा भाग चुकवून थेट पाण्यात उतरत होती. आता ती बॅच ६ वाजून २० मिनिटांनी सुरू होते. गळती कमी झाली का, हे आताच सांगणार नाही, कारण जूनची तुलना मे महिन्याशी करण्यात अर्थ नसतो. सुट्टीच्या २१ दिवसांच्या शिबिरांनंतर शाळा आणि पाऊस दोन्ही सुरू होतात आणि संख्या घटतेच. जूनची तुलना मागच्या जूनशीच करावी लागते.

प्रवेश, हजेरी, गळती आणि प्रतीक्षा यांची नोंद प्रत्येक जलतरण शाळेने ठेवावी, आणि बॅच उघडणे, बंद करणे किंवा शुल्क वाढवणे हे निर्णय ती वाचल्याशिवाय घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. नोंद नसली की ज्या पालकांचा आवाज मोठा, त्यांच्या सोयीने वेळापत्रक ठरते. आपले अनुभव आणि विरोधी मतेही वाचायला आवडतील.

काठावरची शिट्टी

मी प्रशिक्षक आहे आणि या मताला माझा विरोध आहे. तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण अशी आकडेवारी कार्यालयाच्या भिंतीवर लागल्यावर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

मी पूर्वी जिथे शिकवत असे, तिथे दर महिन्याच्या शेवटी कोणत्या प्रशिक्षकाची किती मुले सोडून गेली याची यादी लागायची आणि त्यावर वाढीव मानधन ठरायचे. दोन-तीन महिन्यांतच चांगले, मनाने सज्जन असलेले सहकारी बदलले. घाबरणारे मूल आले की ते दुसऱ्याच्या गटात कसे जाईल, हे पाहिले जाऊ लागले. ज्याला अजून तोंड पाण्यात घालून श्वास सोडता येत नव्हता, त्याला पालक खूश राहावेत म्हणून पुढच्या पातळीत चढवले जाऊ लागले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार इथे तंतोतंत लागू पडतो: मोजमापावरच बक्षीस आणि शिक्षा ठरू लागली की ते मोजमाप विश्वासार्ह राहत नाही.

त्याच काळात माझ्याकडे ७ वर्षांची एक मुलगी होती. ११ दिवस ती शिडीचा दांडा सोडत नव्हती. मी तिच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तळहातावर पाणी घ्यायचो, त्यात फुंकर मारून बुडबुडे काढायचो आणि तिला फक्त पाहू द्यायचो. बाराव्या दिवशी तिने स्वतःहून हनुवटी पाण्यात टेकवली, नंतर ओठ, नंतर नाक, आणि वर येऊन माझ्याकडे पाहिले. हजेरीपटावर त्या बाराही दिवसांपुढे एकच शब्द होता: हजर. यादीप्रमाणे माझ्या गटाची प्रगती त्या पंधरवड्यात सगळ्यात कमी होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालील मुले होती. आपल्या कामाचे खरे फळ म्हणजे एखादे मूल कधीतरी विहिरीत किंवा नदीत पडले तर ते पाठीवर तरंगून मदत येईपर्यंत टिकेल, हे आहे. ते कोणत्या रकान्यात लिहिणार?

आकडेमोड

शिट्टी यांचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण तिथे नोंदीचा दोष नव्हता. नोंद अर्धवट वाचली गेली. मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून एक उदाहरण मांडतो.

समजा, पहिल्या प्रशिक्षकाकडे ३० घाबरणारी आणि १० धीट मुले आहेत. घाबरणाऱ्यांपैकी १८ आणि धीटांपैकी ९ टिकली. दुसऱ्याकडे १० घाबरणारी आणि ३० धीट. त्यांतली अनुक्रमे ५ आणि २५ टिकली. एकूण बेरीज केली तर पहिल्याची ४० पैकी २७ आणि दुसऱ्याची ४० पैकी ३० मुले टिकली, म्हणजे दुसरा सरस दिसतो. पण गट वेगळे करून पाहा: घाबरणाऱ्या मुलांत पहिल्याचे प्रमाण ६० टक्के आणि दुसऱ्याचे ५०, धीट मुलांत पहिल्याचे ९० आणि दुसऱ्याचे सुमारे ८३. दोन्ही गटांत पहिलाच सरस आहे, केवळ त्याच्या वाट्याला अवघड मुले अधिक आल्याने बेरजेत तो मागे पडला. प्रवेशाच्या दिवशी मुलाला पाण्याची भीती आहे का, एवढी एक खूण केली असती, तर त्या यादीत शिट्टी यांच्यावर झालेला अन्याय त्याच कागदावर उघड झाला असता. म्हणून मी म्हणेन की त्यांच्या शाळेत नोंद कमी होती.

जुना डबा

पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीतला मी आहे. एकच सांगतो: ६ मुलांच्या बॅचमधून एका कुटुंबाची बदली झाली, तर गळती सुमारे १७ टक्के दिसते. तेवढ्या टक्क्यांवरून कोणालाही बोलावून जाब विचारू नये; त्यापेक्षा त्या घरी फोन करावा.

दोन मुलांची आई

मी ठाण्यात राहते. माझ्या धाकट्याने वर्ग सोडला, तेव्हा कारण विचारायला एकही फोन आला नाही. कारण साधे होते: कपडे बदलायच्या खोलीतली फरशी कायम ओली असायची, तो दोनदा घसरून पडला आणि नंतर जायलाच घाबरू लागला. पाणी उत्तम होते आणि शिकवणाऱ्या ताई तर फारच प्रेमळ होत्या. शाळेच्या दप्तरात मात्र आमच्या नावापुढे 'बंद' एवढेच असेल, आणि कदाचित त्या ताईंच्या खात्यावरच ते मांडले गेले असेल. त्यामुळे सोडण्याचे कारण पालकांच्याच शब्दांत लिहून ठेवणे, ही मला सगळ्यात गरजेची नोंद वाटते.

माझी हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. मोठ्या मुलीच्या वर्गाने एका ॲपवर तिचे वजन, उंची, पाण्यातली छायाचित्रे आणि आजारांची माहिती मागितली, आणि ती कोण पाहणार, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर तो प्रशिक्षकाला आणि जीवरक्षकाला ठाऊक असलाच पाहिजे. शुल्कवाढीचा विचार करायला मात्र माझ्या मुलीचे छायाचित्र कशाला लागते?

हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे म्हणणे आम्ही उद्यापासूनच अमलात आणतो: सोडणाऱ्या प्रत्येक घरी पत्नी स्वतः फोन करेल आणि कारण त्यांच्याच शब्दांत लिहील. पोहताना काढलेली छायाचित्रे आम्ही ठेवत नाही, आणि आजारांची माहिती कागदावर, जीवरक्षकाच्या कपाटात असते.

शिट्टी यांना मात्र मी पूर्ण सहमती देऊ शकत नाही. मानधन गळतीशी जोडणे चूक होते, आणि आम्ही ते कधीच करणार नाही. पण हजेरीपट उघडला नसता, तर ४ ची बॅच आम्ही बंद केली असती. त्या बॅचमध्ये एका वेळी ५ मुले असल्यामुळेच भित्र्या मुलांना वेळ देता येतो. त्या मुलांच्या बाजूने त्या दिवशी बोलली ती नोंदवहीच.

काठावरची शिट्टी

४ ची बॅच वाचली, याचा मला खरोखर आनंद आहे. तरीही मुलाला पुढच्या पातळीत केव्हा न्यायचे, हा निर्णय हिशेबाच्या टेबलावर जाता कामा नये, यावर मी कायम आहे. बॅचची वेळ, भाडे, शुल्क हे तुमच्या वहीवरून ठरवा. मूल फळी केव्हा सोडणार, हे त्याच्या शेजारी पाण्यात उभा असलेला माणूस ठरवेल, आणि त्यासाठी लागतील तितके दिवस कोणी मोजून दाखवू नयेत.

आकडेमोड

एक विनंती आहे. ते दिवस प्रशिक्षकाला विचारण्यासाठी मोजू नका, पण लिहून जरूर ठेवा. पुढच्या वर्षी एखादी आई तिसऱ्याच दिवशी काळजीने विचारेल की हिला कधी जमणार, तेव्हा मागच्या घाबरणाऱ्या मुलांना किती दिवस लागले होते, हे तिला दाखवता येईल. तुमच्या त्या मुलीला १२ लागले होते.

काठावरची शिट्टी

हे मी लिहून ठेवीन. माझ्या स्वतःच्या वहीत.