'सालो'ची कुठली डिस्क पूर्ण म्हणायची?

जुनाप्रोजेक्टर
इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या 'सालो' या सिनेमाच्या (१९७५) तीन डिस्क माझ्याकडे आहेत, गेल्या आठवड्यात तिन्ही ओळीने लावून बघितल्या आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साद या फ्रेंच लेखकाची अठराव्या शतकातली कादंबरी पासोलिनीने उचलून मुसोलिनीच्या शेवटच्या सरकारात नेऊन ठेवली, उत्तर इटलीत, १९४४-४५च्या सुमारास. चार सत्ताधारी, एक बंद हवेली, पकडून आणलेली तरुण मुलं-मुली आणि त्यांच्यावर चाललेला अत्याचार. फार जड सिनेमा आहे, अर्ध्यातून कुणी उठलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची) २००१ सालची डीव्हीडी कुणाकडे असेल तर ती टाकू नका. तिच्यात साधारण २५ सेकंदांचा एक तुकडा आहे, त्या चौघांतला एक जण गोटफ्रीड बेन या जर्मन कवीच्या ओळी म्हणतो. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या १९९८च्या डीव्हीडीत हा तुकडा नाही. बरं, बीएफआयनेच २००८ला रिस्टोर केलेल्या निगेटिव्हवरून (म्हणजे ज्या मूळ फिल्मवरून प्रिंट काढतात तिच्यावरून) ब्लू-रे काढली, तिच्यातही नाही! म्हणजे चित्र सुधारलं आणि कविता गेली. बेन म्हणजे १९३३ला नाझींच्या बाजूने उभा राहिलेला आणि पुढे त्यांनीच लिहायला बंदी घातलेला कवी. त्याच्या ओळी ह्या माणसाच्या तोंडी येतात ह्याला अर्थ आहे, कारण ही माणसं अडाणी गुंड नाहीत, चांगली वाचलेली आहेत, आणि वाचून-सवरून हे करतायत. जो दिग्दर्शक सुरुवातीच्या टायटल्समध्ये बार्त, ब्लांशो, बोव्हुआर अशा फ्रेंच लेखकांच्या वाचायच्या पुस्तकांची यादी देतो तो कविता उगाच घालेल का? माझ्या लेखी पूर्ण सिनेमा त्या २००१च्याच डिस्कवर आहे.

निगेटिव्हवाला
अजिबात पटलं नाही. जे मूळ निगेटिव्हमध्येच नाही ते पूर्ण कसं? एखाद्या प्रिंटमध्ये तुकडा राहून गेला म्हणून ती प्रिंट खरी आणि निगेटिव्ह खोटं असं होत नाही ना. एडिटिंगमध्ये माणूस शेवटपर्यंत काढघाल करत असतो, हा तुकडा काढायचाच ठरला असेल तर?

आणि वाचलेली माणसं हा मुद्दा त्या तुकड्याशिवायही ठळकपणे येतो. ते चौघं सतत कुणाकुणाची वाक्यं एकमेकांना ऐकवत असतात, शेवटाकडे रेडिओवर एझ्रा पाउंड या अमेरिकन कवीचा आवाज येतो, तोच पाउंड जो मुसोलिनीसाठी रोम रेडिओवरून भाषणं करायचा. एवढं सगळं जागेवर आहे. त्या २५ सेकंदांसाठी तुम्ही बाकीचे ११६ मिनिटं वाईट चित्र सहन करताय. हवेलीच्या भिंतींवर फेर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराच्या वळणाची मोठी चित्रं आहेत ती ब्लू-रेवर बघा, कलादिग्दर्शक दान्ते फेरेत्तीने ती हवेली किती विचाराने सजवलीय ते मला तरी ब्लू-रे बघितल्यावरच कळलं. इतकी देखणी खोली आणि तिच्यात हे चाललंय, हा धक्का धुरकट चित्रात बसतच नाही.

पालपीडित
एक तांत्रिक मुद्दा, कारण दरवेळी कुणीतरी ह्यात फसतं. २००१ची ब्रिटिश डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीची आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा तिथे २५ने पळतो, म्हणजे ४ टक्के जास्त वेगाने, त्यामुळे साधारण ११६ मिनिटांचा सिनेमा ११२च्या आत संपतो. ते बघून लोक म्हणतात ब्रिटनमध्ये कापला. नाही कापला, २०००ला तिथल्या सेन्सॉरने तो एकही कट न देता पास केला होता. पण वेगाबरोबर आवाजही थोडा वर चढतो, आणि शेवटाकडे कार्ल ऑर्फचं 'कार्मिना बुराना' वाजतं तिथे माझ्या कानाला ते लगेच टोचतं. तेव्हा 'पूर्ण' म्हणताना हेही धरा.

रिंगशोधक
तुम्ही १९९८च्या क्रायटेरियनबद्दल फारसं बोललाच नाहीत. हक्कांच्या भानगडीत ती लवकरच बाजारातून गेली आणि मग कित्येक वर्षं शेकडो डॉलरला विकली जात होती. मी पण शोधली. डिस्कच्या मधल्या भोकाभोवती पांढरी रिंग असेल तर अस्सल, नसेल तर नकली, हे पाठ करून बसलो होतो, तरी एका विक्रेत्याने नकलीच गळ्यात मारली. पुढे एका मित्राकडे अस्सल बघितली. चित्रावर हिरवट झाक, वाइड चित्र चौकोनी फ्रेममध्ये काळ्या पट्ट्या देऊन बसवलेलं, मोठ्या टीव्हीवर तर बघवत नाही. तरी ती पहिली होती, तिचं महत्त्व आहे असं मला वाटतं.

सरोवराकाठी
रिंगशोधक, राग मानू नका पण मला हे मनापासून खटकतं. माणसाच्या शरीराची सत्ता वस्तू करून टाकते हे ज्या सिनेमाचं सांगणं आहे त्याचीच डिस्क आपण रिंग बघून, बोली लावून, पॅकिंग न फोडता कपाटात ठेवायची? पासोलिनी शेवटची काही वर्षं सतत ह्याच बाजाराविरुद्ध लिहीत होता.

आणि मला तर तुकडा आहे की नाही ह्यापेक्षा बरोबर काय दिलंय ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे १९७६ला बंदी, १९९३ला उठली, १९९८ला परत बंदी. २०१०ला डीव्हीडीला परवानगी मिळाली ती कशामुळे, तर सोबत १७६ मिनिटांचं जादा साहित्य होतं आणि त्याने सिनेमाला संदर्भ मिळतो असं तिथल्या सेन्सॉर बोर्डाने मानलं. एक्स्ट्रा म्हणजे शोभेची वस्तू नाही हो, त्यांच्यामुळे एका देशात हा सिनेमा लोकांना बघता आला. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला नुसती मळमळ झाली, दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. नंतर क्रायटेरियनच्या नव्या आवृत्तीतले माहितीपट बघितले, पुस्तिकेतले लेख आणि गिडियन बाकमनची शूटिंगच्या वेळची डायरी वाचली, तेव्हा कुठे मी परत तो लावू शकले. नुसती डिस्क कुणाच्या हातात देणं मला बरोबर वाटत नाही.

निगेटिव्हवाला
सरोवराकाठी, ह्याला मात्र विरोध आहे. सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. टायटल्समधली पुस्तकांची यादी पासोलिनीची आहे, माहितीपट त्याचे नाहीत. आधी चार तज्ज्ञांकडून समजून घेऊन मग बघायचा तर ती मळमळ बोथट होते, आणि मळमळ तर व्हायलाच हवी अशी पासोलिनीची इच्छा होती असं मला वाटतं.

सरोवराकाठी
आधी बघा असं मी कुठे म्हटलं? नंतर बघायला हाताशी असावं एवढंच.

नवाप्रेक्षक
क्रायटेरियनमध्ये इंग्रजी डब पण आहे, तो लावला तर चालेल का? आणि पुण्यातल्या साध्या प्लेअरवर डिस्क चालेल?

पालपीडित
नाही चालणार, ब्लू-रे प्रदेशांप्रमाणे (रीजन) कुलूपबंद असतात, आपल्याकडचे प्लेअर रीजन सी, अमेरिकन डिस्क ए. मल्टी-रीजन प्लेअर लागेल. आणि इंग्रजी डब कृपया नको. सगळा आवाज नंतरच भरलाय हे खरं, पण इटालियन आवाज पासोलिनीने निवडून घेतलेत. चौघांतल्या एकाला दिग्दर्शक मार्को बेलोक्क्योचा आवाज आहे, दुसऱ्याला कवी जॉर्ज्यो काप्रोनीचा. कवीच्या आवाजात ती वाक्यं ऐकायची आणि मग ठरवायचं.

जुनाप्रोजेक्टर
हे काप्रोनीचं माझ्या ध्यानात नव्हतं, धन्यवाद. बघा, म्हणजे कविता आवाजातसुद्धा आहे!

निगेटिव्हवाला, एडिटिंगचं तुमचं म्हणणं मी नीट वाचलं. पण तुकडा कुणी आणि का काढला हे पासोलिनीला विचारायची सोय नाही, २ नोव्हेंबर १९७५ला ओस्तियाजवळ त्याचा खून झाला आणि सिनेमा पॅरिसला पहिल्यांदा दाखवला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. अशा माणसाचं जे काही फिल्मवर उरलंय त्यातलं २५ सेकंदही मला टाकवत नाही. काल रात्री परत शेवट लावला, ब्लू-रेच लावली. दोन तरुण पहारेकरी कंटाळून रेडिओचं स्टेशन बदलतात आणि एकमेकांना धरून नाचायला लागतात, एक विचारतो, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय, दुसरा सांगतो, मार्गेरिता. खिडकीबाहेर काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं. तिथे चित्र स्वच्छच हवं, हे तुमचं मान्य.

निगेटिव्हवाला
मग माझंही थोडं मान्य करतो. मुख्य सिनेमा निगेटिव्हप्रमाणेच ठेवावा, २०१५ला बोलोन्याच्या सिनेमातेकाने (तिथल्या फिल्म संग्रहालयाने) जे नवं रिस्टोरेशन केलं, ज्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस मिळालं, त्यावरून. आणि तो तुकडा एक्स्ट्रामध्ये, कुठल्या प्रिंटमधून आला ते स्पष्ट लिहून, प्रत्येक आवृत्तीत द्यावा. सिनेमाच्या आत नको.

जुनाप्रोजेक्टर
एक्स्ट्रामध्ये चालेल. तोपर्यंत २००१ची डिस्क माझ्या कपाटात राहील, कुणाला बघायची असेल तर व्यनि करा, विकणार नाही पण घरी बसून दाखवेन.