मदत हवी आहे: घरी बनवलेल्या ट्यूब गिटार अ‍ॅम्पचा हम जात नाही

मंडळी, फेंडर चॅम्प ५एफ१ च्या सर्किटवर अ‍ॅम्प बनवलाय, १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे पहिल्या टप्प्याची ट्यूब), ६व्ही६ (पॉवर ट्यूब) आणि ५वाय३ (एसीचं डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब), टोन मस्त आहे पण हम (सतत घुमणारा आवाज) इतका की हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही. व्हॉल्यूम शून्यावर केला, गिटार काढली, १२एएक्स७ सुद्धा उपसून बघितली, काही फरक नाही, म्हणजे प्रीअ‍ॅम्प सुटला. फोनवरच्या टोन जनरेटरशी जुळवलं तर ५० हर्ट्झ निघतो, १०० नाही, आणि रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० चा असतो, त्यामुळे तो गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर संशय कमी, तरी पहिला बदलून २२ मायक्रोफॅरडचा टाकला. ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (ग्राउंडला जोडायचा मधला जोड) नव्हता, त्याऐवजी १०० ओमचे दोन रेझिस्टर लावले, वायरी पिळून घेतल्या.

आता संशय ट्रान्सफॉर्मरवर. पॉवर आणि आउटपुट (स्पीकरकडचा) दोन्ही शेजारी, मध्ये जेमतेम दोन बोटं अंतर, कोअर एकाच दिशेला. ६व्ही६ काढून बघायची हिंमत होत नाही, पॉवर ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी ३२५-०-३२५ व्होल्टची आहे, लोड गेला की ४६० व्होल्टपर्यंत चढेल आणि माझे कपॅसिटर ४५० चे. त्याऐवजी ५वाय३ च काढली, म्हणजे ट्यूबना डीसीच मिळणार नाही, आणि तरी स्पीकरमध्ये हम राहिला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर ९० अंशात फिरवायचा हे नक्की धरू का? अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसिसला नवीन भोकं एकदाच पाडायला जागा आहे, म्हणून आधी विचारतोय.