मॉडिफाय केलेल्या गाडीचे स्पार्क प्लग किती किलोमीटरला बदलता? आपापले अनुभव सांगा

गाडीचं पुस्तक उघडलं की प्लगसमोर साठ हजारांच्या आसपासचा आकडा असतो. इंजिनची ताकद वाढवून देणारा ट्यूनर वीस म्हणतो. ट्रॅकवर जाणारा मित्र म्हणतो, ‘दर इव्हेंटच्या आधी बदल आणि मोकळा हो.’ तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि रविवारी घाट गाठणाऱ्या माझ्यासारख्याने कुणाचं ऐकायचं? म्हणून हा धागा. गाडी कोणती, काय काय केलंय, प्लग कुठला, गॅप (प्लगच्या दोन टोकांमधली फट) किती मिलिमीटर हे लिहा, आणि मुख्य म्हणजे प्लग बाहेर काढल्यावर काय दिसलं ते लिहा. ‘मी नेहमी इरिडियमच टाकतो’ एवढ्यावर भागवू नका, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून. पोलो १.० टीएसआय, स्टेज १ मॅप (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललेला), बाकी सगळं कंपनीचं. मूळची ११० पीएसची गाडी, ट्यूनरच्या मते आता १३० च्या पुढे. प्लग पस्तीस हजार चाललेले. शहरात काही जाणवत नव्हतं. एक्सप्रेसवेवर चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल दिला की मात्र एक हलका आचका यायचा, आणि लगेच गाडी सुटायची. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथलं मिश्रण नीट पेटत नव्हतं. सगळ्यांनी प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल खराब असेल असं सांगितलं. म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर नि तिसऱ्याची दुसऱ्यावर टाकून पाहिली. कोड तिथेच, पी०३०२! कॉइल खराब असती तर कोड तिसऱ्यावर गेला असता, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग काढला, तर ०.८ चा गॅप एक मिलिमीटरला टेकलेला आणि बाजूच्या पत्तीची कड गोल झालेली. नवे टाकल्यावर आचका गेला. आता मी वीस हजारांवर काढून मापतो, पंचवीसला बदलतो.

अहिल्यानगर | अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट

आमची गाडी रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे घरचीच लेक, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. कंपनीतूनच १४५ अश्वशक्ती. त्यावर रीमॅप, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट. या गाडीचं एक सुख आहे, प्लग वरून सहज हाताला लागतात, त्यामुळे मी ते वरचेवर काढतो. बायको म्हणते, गाडी चालवतोस कमी आणि उघडतोस जास्त.

मी साधे निकेलच्या टोकाचे प्लग वापरतो, ज्यांना दुकानदार कॉपर म्हणून देतो. तांबं आत गाभ्यात असतं, झिजतं ते निकेलचं टोक. मॉडिफाय केलेल्या टर्बोत ते दहा-बारा हजारांत झिजतं. मग इरिडियम का नाही? मला दर दिवाळीच्या आसपास प्लग बघायचेच असतात, आणि शे-दोनशेचा प्लग फेकताना जीव तुटत नाही. सात-आठशेचा इरिडियम असला की माणूस ‘चालेल अजून थोडे दिवस’ म्हणतो. झिजेचा वेग वेगळा असण्याचं कारणही साधं आहे. निकेल साधारण १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४० च्या वर. म्हणून इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते.

काढलेले प्लग मी वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडतो. क्रम मोडला तर अर्धी माहिती गेली. मागच्या वेळी पहिले तीन बिस्किटाच्या रंगाचे, छान. चौथ्याच्या चिनीमातीवर मात्र मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके, आणि भिंगातून पाहिलं तर त्यात एखादा चमकणारा कण. हा चमकणारा कण दिसला की गाडी उभी करायची. तो पिस्टनच्या अॅल्युमिनियमचा असू शकतो, म्हणजे आत नॉकिंग, मिश्रणाचा अवेळी स्फोट, चाललंय. ट्यूनरने त्या दिवशी ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागे घेतलं. प्लग किती किलोमीटरला बदलायचे या प्रश्नापेक्षा ते किती किलोमीटरला *बघायचे* हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

ठाणे | १.० टर्बो, स्टेज १

मी विरोधी पक्षात. पन्नास हजार झाले, कंपनीचेच प्लग, एक मिसफायर नाही. स्टेज १ म्हणजे काय हो, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, थोडा वाढतो. लगेच प्लग बदला, कॉइल बदला, कोल्ड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, प्लग टाका! निम्मं हे दुकानदारांचं अर्थशास्त्र आहे. मी गाडीच्या कॉम्प्युटरचा लॉग बघतो, मिसफायर काउंटर शून्य आहे.

> *धागाकर्ता:* गॅप मापला का?

काढलेच नाहीत, तर मापणार कसा?

> *धागाकर्ता:* :-)

श्टुटगार्ट | गोल्फ जीटीआय, स्टेज १

ठाणेकरांना उत्तर द्यायचा मोह आवरत नाही, पेशाने इलेक्ट्रिकलवाला आहे. ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज दाब आणि गॅप या दोन्हींसोबत वाढतं, याला पाशेनचा नियम म्हणतात. मॅपने दाब वाढवला, झिजेने गॅप वाढवला. कॉइल मात्र तीच. ती बिचारी जास्त व्होल्टेज काढून भरपाई करत राहते, म्हणून काउंटर शून्य दिसतो. एके दिवशी तिची मर्यादा येते, बहुधा थंड दमट हवेत पूर्ण थ्रॉटलवर. म्हणूनच ट्यून केलेल्या टर्बोत गॅप ०.६ ते ०.७ पर्यंत उतरवतात. फार उतरवला तर आयडलला गाडी थरथरते, तेव्हा प्रमाणात.

माझे अनुभव दोन ऋतूंचे आहेत. उन्हाळ्यात आउटोबानवर सलग पूर्ण लोडवर गाडी चालते, तेव्हा एक पायरी (प्लगच्या उष्णतेच्या मापात एक आकडा) थंड प्लग उत्तम वाटला. हिवाळ्यात मुलीला शाळेत सोडायचं आणि परत यायचं एवढंच, इंजिन नीट तापायच्या आत बंद. त्याच थंड प्लगवर फेब्रुवारीपर्यंत मखमली काजळी बसली. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की स्वतःवरचा कार्बन स्वतःच जाळतं, आणि ८५० च्या वर गेलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतं. या दोन टोकांच्या मधे राहायचं. मी आता कंपनीच्याच पायरीचे प्लग गॅप कमी करून वापरतो, तीस हजारांवर बदलतो. इथल्या पुस्तकात साठ आहे.

कोल्हापूर | आमचं गॅरेज हाय, उद्यमनगरात

मंडळी, तुमचं शास्त्र वाचून लई बरं वाटलं. आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक एवढं सांगत न्हाई, ते म्हणतंय “मालक, गाडी मिसिंग मारती, बगा.” जुन्या होंडा सिटी व्हीटेक अजून हायत आमच्याकडं, हेडर, कॅम, सगळं केलेल्या. टर्बो न्हाई, तरीबी पंधरा हजाराला प्लग मागतात. आयडीएसआय सिटी आली की गिऱ्हाईक बिल बघून दचकतंय, कारण तिला एका सिलिंडरला दोन, एकूण आठ प्लग. ते आम्ही काय वाढवलेलं नसतंय.

आता एक बगा. पायरीच्या आकड्यात लोक लई फसतात. एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तेवढा प्लग थंड. बॉशमधे उलटं, आकडा मोठा तेवढा गरम. एका पोरानं सहावरनं आठवर जायचं म्हणून दुसऱ्याच ब्रँडचा आठ उचलला, आणि टर्बो गाडीत गरम प्लग घालून हायवेला निघालं. नशीब नॉक सेन्सरनं सांभाळलं. एनजीकेचं नाव वाचायला शिकवतो पोरांना: बीकेआर७ई म्हंजे बी १४ मिमी आट्याचा, के १६ मिमी पान्याचा, आर रेझिस्टरवाला, ७ उष्णतेची पायरी, ई १९ मिमी लांबीचा. रेझिस्टर नसलेला प्लग आजच्या गाडीत घालू नका, ईसीयूला, म्हंजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, गोंधळ हुतो.

नाशिक | ऑटोक्रॉसची स्विफ्ट

माझी गाडी साधी, १.३ पेट्रोल, इंटेक-एक्झॉस्ट आणि मॅप. हंगामाआधी नवे प्लग, बस्स. एक मजेशीर प्रकार सांगते. एका इव्हेंटनंतर प्लग काढले तर चिनीमाती विटकरी-केशरी! मला वाटलं इंजिनच गेलं. शेजारच्या काकांनी विचारलं, टाकीत काय ओततेस? ऑक्टेन बूस्टरची बाटली. त्यातल्या मँगनीजचा तो थर. असा थर दाटला की तोच वीज वाहायला लागतो आणि जोरात पळवताना मिसफायर येतो. बाटली बंद केली. आता नाशिकहून मुंबईला गेले की १०० ऑक्टेन भरून येते, एरवी ९५.

मुंबई | बीएमडब्ल्यू एम३४०आय

वीस हजार. सहा प्लग. मापत नाही, बघत नाही, बदलून टाकतो. गाडीच्या हप्त्यापुढे प्लगचा हिशोब काय करायचा!

पुणे | ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, स्टेज २

डाउनपाइप, इंटरकूलर, इंटेक. एनजीकेचा ठोकताळा असा, की ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली तर एक पायरी थंड जा, कारण एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी उतरतं. माझी वाढ साधारण तेवढीच, म्हणून एक पायरी थंड, गॅप ०.६५. बारा ते पंधरा हजारांवर बदल. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला जायचं असेल तर किलोमीटर न बघता नवे, कारण तिथे एका आचक्याची किंमत संपूर्ण सीझनची टिंगल असते.

पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हेच थंड प्लग रुसतात. आठवडाभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगलो की शनिवारी पहिल्या जोरात गाडी जरा अडखळते. मग खंबाटकीच्या चढाला दहा मिनिटं मोकळी सोडली की काजळी जळून जाते.

एक सावधगिरी: ऑनलाइन स्वस्तात मिळालेले चार प्लग मागे मी वापरले नाहीत. ब्रँडचं नाव नावाजलेलं, पण पत्ती मधोमध बसलेली नव्हती, छपाई नखाने निघत होती आणि चारही प्लगचा गॅप वेगवेगळा. अधिकृत डिलरकडून घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

सातारा | वॅगनआर सीएनजी

धागा परफॉर्मन्स गाड्यांचा आहे, ठाऊक आहे, हाकलू नका. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे आमचेही प्लग पेट्रोलवाल्यांच्या आधी जातात. त्या अर्थाने आम्हीही तुमच्यातलेच. फक्त पिकअप तेवढा नाही.

ठाणे, पुन्हा

काढले एकदाचे. तीनपैकी दोन ०.९, तिसरा १.०५. नवे मागवले आहेत. प्रश्न: इरिडियमचा गॅप घरी कमी करता येतो का? आणि घट्ट किती करायचा?

> *अहिल्यानगर:* येतो, पण मधल्या बारीक टोकाला काहीही टेकवायचं नाही. नाण्यासारखं गोल गेज सरकवत आत घालतात, त्याने ते टोक तुटतं. तारेचं गेज घ्या आणि फक्त बाजूची पत्ती दाबा, थोडी थोडी.

> *कोल्हापूर:* टॉर्क रेंच घ्या भाऊ, अंदाजानं न्हाई. वॉशरवाला प्लग आणि अॅल्युमिनियम हेड असलं तर १४ मिमीला २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असला तर तो खरा. आट्याला ग्रीस लावू नका, त्यानं टॉर्क चुकतो नि प्लग जास्त आवळतोय. आधी हातानं फिरवत बसवा, मग पाना. आणि इंजिन पूर्ण गार झाल्याबिगर हात लावू नका. गरम हेडमधनं प्लग ओढला की आटेच बाहेर येतात, मग हेड उतरवायची पाळी. आमच्याकडं नवं पोरगं कामाला लागलं की पहिलं हेच सांगतो, तरी एखादं दर वर्षी निघतंयच.