कबरीच्या दगडावर ‘रेक्विएस्कात’ की ‘रेक्विएस्कांत’?

ए-१०२: सर्वांना नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, पण ग्रुपवर जाणती माणसं आहेत म्हणून विचारते. पप्पांच्या कबरीच्या दगडावर खाली ‘रेक्विएस्कात इन पाचे’ ही लॅटिन ओळ कोरलीय. आता मम्मीही तिथेच आहे, म्हणून दोघांच्या नावांचा नवा दगड करतोय. कारागीर म्हणतो, खालची ओळ आहे तशीच ठेवू. चालेल का?

सी-४०१: नको गं, तशीच ठेवू नकोस. ‘रेक्विएस्कात’ एकासाठी. दोघांसाठी ‘रेक्विएस्कांत’, शेवटच्या ‘त’च्या आधी ‘न’ येतो. मी लहानपणी अल्टर बॉय होतो, म्हणजे उपासनेत फादरांना मदत करणारा मुलगा. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. मयताच्या मिस्सेच्या शेवटी फादर ‘रेक्विएस्कांत इन पाचे’ म्हणायचे आणि आम्ही ‘आमेन’. मयत एकच असलं तरी तिथे अनेकवचनच, कारण ती मागणी सगळ्याच मृतांसाठी असते. एकवचन यायचं ते नंतर, शवपेटीजवळच्या प्रार्थनेत.

बी-२०३: अंकल, आर.आय.पी. म्हणजे ‘रेस्ट इन पीस’ ना? मी तर आजवर तेच समजत होतो.

सी-४०१: अक्षरं दोन्हीकडे जुळतात, पण मूळ लॅटिन, ‘रेक्विएस्कात इन पाचे’ची आद्याक्षरं. आणि अर्थातही फरक आहे. ‘रेस्ट इन पीस’ वाचलं की गेलेल्या माणसालाच ‘शांतपणे झोप’ असं सांगितल्यासारखं वाटतं. लॅटिन क्रियापद तृतीयपुरुषी आहे. ते मृताशी बोलतच नाही, त्याच्यासाठी देवाकडे मागतं.

ए-३०४: म्हणजे आपलं ‘विसावो’! आणि अनेकवचनी ‘विसावोत’. पसायदानात ‘दुरितांचें तिमिर जावो’, ‘जो जें वांछील तो तें लाहो’ आहे, तेच रूप. मराठी व्याकरणात हे आज्ञार्थात मोडतं, पण वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचो की यात हुकूम नाही, मागणं आहे. पुरुष-स्त्री भेदही नाही, ‘तो विसावो, ती विसावो’.

सी-४०१: अगदी बरोबर सर. लॅटिनमध्येही पप्पांना आणि मम्मीला तेच रूप लागतं.

बी-२०३: पण रोमच्या एका जुन्या थडग्याच्या फोटोत ‘रेक्विएस्कित’ वाचल्याचं आठवतंय. कोरणाऱ्याची चूक असेल का?

सी-४०१: चूक नाही. जुन्या ख्रिस्ती थडग्यांवर ‘हिक रेक्विएस्कित इन पाचे’ सापडतं, म्हणजे ‘इथे शांतीत विसावला आहे’. ते विधान झालं. ‘इ’च्या जागी ‘आ’ आला की त्याची प्रार्थना होते, सगळा फरक त्या एका स्वराचा. मला स्वतःला ‘आ’वालंच जवळचं. आपलं माणूस शांतीत आहे असं ठामपणे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुठे? आपण मागू शकतो, आणि मागत राहावं.

ए-३०४: मग ‘आ’ दिसला की इच्छा, असा नियम धरायचा का?

सी-४०१: नाही, तिथेच घोळ होतो. ‘लाउदात’ म्हणजे स्तुती करतो आणि ‘लाउदेत’ म्हणजे स्तुती करो. त्या गटातल्या क्रियापदांत ‘आ’चा ‘ए’ होतो. प्रभूच्या प्रार्थनेत दोन्ही तऱ्हा लागोपाठ येतात. ‘सांक्तिफिचेतुर’ (‘पवित्र मानलं जावो’) यात ‘ए’, आणि लगेच ‘आद्वेनियात’मध्ये ‘आ’. हे दुसरं म्हणजे आपण मराठीत म्हणतो ते ‘तुझे राज्य येवो’.

ए-१०२: रोज म्हणते मी ही प्रार्थना, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. कारागिराला आजच ‘न’ घालायला सांगते. सर, वर मराठीत ‘शांतीत विसावोत’ लिहिलं तर?

ए-३०४: जरूर लिहा. मम्मी मराठीतूनच प्रार्थना करायच्या ना? मग मराठी ओळ वर आणि ठळक असू द्या.

सी-४०१: माझंही तेच मत. कोरायला देण्याआधी कागदावरच्या मजकुराचा फोटो मला पाठव, रोमन अक्षरं एकेक करून तपासून देतो. आणि एकदा फादरांनाही दाखव, दगडावर काय लिहायचं याचे चर्चचे काही नियम असतील तर तेच सांगतील.