शिशाचे जुने शिपाई: पांढरी भुकटी, तुटलेली डोकी आणि मराठा लाइट इन्फन्ट्री

रंकाळाकाठ: कोल्हापुरातच शिशाचे ११ पोकळ शिपाई मिळालेत. ५४ मिमी उंच, खाकी गणवेश, पीक कॅप, पिंडऱ्यांना पट्ट्या. तिघांची डोकी तुटलीत, चौघांच्या पायांवर पांढरी भुकटी आहे. एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई, या शिपायांची तिथली मराठा लाइट इन्फन्ट्री करायचीय. डोकी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, डाख लावून बसवून घेऊ का?

शिसं५४: गुजरीत नेऊ नका. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं. खेळण्यांच्या शिशात अँटिमनी असतं, ते त्याही आधी. सोनाराच्या ज्योतीखाली पोकळ कवच ओघळून जाईल. मानेत आणि धडात १ मिमीचं भोक पाडा, पितळी तार घाला, अॅराल्डाइटनं चिकटवा. आगकाडी घालायची जुनी रीत आहे, पण डोकं हलत राहतं.

आधी भुकटीचं बघा. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं आणि दमट हवेनं ती येते. ओल्या मऊ ब्रशनं काढा, लगेच कोरडं करा. कोरडं घासू नका, शिशाची धूळ पोटात जाते. हातमोजे घाला, स्वयंपाकघरात हे काम नको. तांब्या-पितळेसारखं चिंच-लिंबू तर बिलकूल लावू नका, आम्ल शिसं आणखी खातं. भुकटीवरच रंग दिलात तर ती आतून वाढून रंग उचलते.

पट्टा३७: पहिल्या महायुद्धाचा वेश आहे हा, नुसता रंग बदलून भागणार नाही. छातीवरचे छोटे काडतूसपाकीट कानशीनं काढा. १९३७ च्या ब्रिटिश लष्करी पट्ट्यांचे दोन मोठे पाऊच एम-सीलचे करा, उंची साधारण ७ मिमी. खांद्याचे पट्टे मलमाच्या अॅल्युमिनियम ट्यूबचे, दीड मिमी रुंद. पिंडरीच्या पट्ट्यांवर एम-सीलचा थर देऊन ढगळ पँट करा, घोट्यापाशी आखूड कापडी अँकलेट. कॅप कापून टाका. हेल्मेट बशीसारखं, व्यास ९ ते साडेनऊ मिमी. यात चूक झाली की शिपाई छत्रीखाली उभा दिसतो. एम-सील अर्ध्या तासात आवळतं, एका वेळी एकाच शिपायापुरतं मळा.

शिसं५४: बैठकीखाली विल्यम ब्रिटन या ब्रिटिश खेळणी कंपनीचं नाव आणि मूळ रंग शाबूत असेल तो शिपाई मात्र तसाच ठेवा. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तर थर, पावसाळ्यात फवारू नका, दमट हवेत थर पांढुरका पडतो. झाल्यावर लाकडी कपाटात नको. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल.